वीस लाख ठिपके आणि ०.०२४

एचडी टीव्हीच्या पडद्यावर एका ओळीत १,९२० ठिपके असतात आणि अशा १,०८० ओळी. गुणाकार केला की २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. म्हणजे ठिपक्यामागे ३ बाइट आणि एका चित्रामागे ६२,२०,८०० बाइट. इथवर डोके गरगरायचे कारण नाही, मोबाइलमधला एखादा फोटोही एवढा भरतो. पण सिनेमात सेकंदाला अशी २४ चित्रे सरकतात आणि आपले सिनेमे काही दीड तासात आटोपत नाहीत. आशुतोष गोवारीकरांचा २००१ सालचा ‘लगान’ २२४ मिनिटांचा आहे. त्याची चित्रे भरतात ३,२२,५६०. ठिपके ६६,८८६ कोटी. हे सगळे जसेच्या तसे साठवायचे म्हटले तर एका सिनेमाला २ टेराबाइटच्या वर जागा हवी, आणि त्यात आवाज धरलेलाच नाही.

आयबीएमने १९५६ साली पहिली विक्रीची हार्ड डिस्क काढली, रॅमॅक नावाच्या संगणकासोबत. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, सगळ्या यंत्राचे वजन टनाच्या वर. आजच्या मापाने तिच्यात ३.७५ मेगाबाइट मावत. ‘लगान’मधल्या भुवनने बॅट फिरवली त्या एका क्षणाचे एकच एचडी चित्रही तिच्यात बसले नसते. अख्ख्या सिनेमाला अशा ५ लाख ३५ हजार डिस्का लागल्या असत्या.

आणि आज हे काम टीव्हीखालच्या कप्प्यात बसणारा एक डबा करतो. त्याला कुणी होम थिएटर पीसी म्हणते, कुणी मीडिया सेंटर. २००२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली, त्याच सुमारास लिनक्सवाल्यांनी मिथटीव्ही सुरू केले, आणि एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे चालवायला काही उद्योगी मंडळींनी जो प्रोग्रॅम लिहिला तो पुढे एक्सबीएमसी आणि २०१४ पासून कोडी झाला. आता टीव्हीच्या पाठीत खुपसायच्या स्टिका मिळतात आणि बहुतेकांचे काम तेवढ्यात भागते. ज्यांच्याकडे डिस्कांचा साठा आहे, लग्न-मुंजीच्या टेपांपासून जमवलेले घरचे चित्रण आहे, किंवा ज्यांना कंपनीने एखादा सिनेमा रातोरात काढून घेतलेला खपत नाही, ते अजूनही डबा बांधतात. मीही त्यातलाच. बांधताना जी गंमत कळते ती ही, की कोटी-अब्जांचे आकडे हा डबा सुपारी खाल्ल्यासारखे चावून टाकतो. तो रडकुंडीला आणतो ते दशांश चिन्हानंतरच्या एका चिमुकल्या आकड्यापायी. त्याच्याकडे शेवटी येऊ. आधी मोठ्यांची हजेरी.

एका एचडी पडद्यावर एकूण किती वेगवेगळी चित्रे उमटू शकतात? एका ठिपक्याला १,६७,७७,२१६ रंग, आणि असे २० लाख ठिपके, प्रत्येक आपल्या मर्जीचा मालक. उत्तर १,४९,८१,१८० आकडी आहे. ती संख्या एवढी नव्हे, ती लिहायला एवढे आकडे लागतात. पानावर अडीच हजार आकडे मावतात असे धरले तर नुसती ती संख्या छापायला सहा हजार पानांचा ग्रंथ होईल. तुलनेला पाहा: विश्वाचे वय सेकंदांत मोजले तर १८ आकडी भरते. दृश्य विश्वातल्या अणूंचा जो अंदाज करतात तो ८० शून्यांच्या आसपास थांबतो. विश्वाच्या जन्मापासून सेकंदाला ६० या वेगाने न थांबता नवे चित्र दाखवले असते, तर आजवर दाखवून झालेल्यांची संख्या २० आकडी झाली असती. दीड कोटी आकड्यांपुढे २० आकडे.

यातली जवळजवळ सगळी चित्रे मात्र कुचकामी. डोळे मिटून कुठलेही एक उचलले तर हाती येतील त्या मुंग्या, अँटेना हलल्यावर जुन्या टीव्हीवर यायच्या त्याच, फक्त रंगीत. माणसाचा चेहरा, भाताचे खाचर, क्रिकेटचे मैदान यांत शेजारचे ठिपके एकमेकांसारखे असतात आणि पुढचे चित्र मागच्यासारखे. अर्थ असलेली चित्रे ही त्या अफाट ढिगातली इवलीशी चिमूट. म्हणूनच २ टेराबाइट पिळून ५० गिगाबाइटच्या एका डिस्कवर आणता येतात. साठवण्यापेक्षा टाकून देण्याचे शास्त्र इथे मोठे आहे.

पहिली काटछाट आपल्या डोळ्याच्या भरवशावर होते. डोळ्याच्या पडद्यात उजेड ओळखणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख शंकूपेशी असतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत धागे मात्र दहा-बारा लाख. म्हणजे निसर्गाने आपल्या आधीच पिळवणूक करून ठेवली आहे. उजेड-सावलीचा बारकावा आपल्याला नेमका दिसतो, रंगाचा बारकावा ढोबळच. म्हणून डिस्कवर उजेड २०,७३,६०० ठिपक्यांचा लिहितात आणि रंग फक्त ५,१८,४०० जागी. चार ठिपक्यांत मिळून रंगाची एक नोंद. या एका फटक्यात माल निम्मा होतो आणि आजवर एकाही पाहुण्याने सोफ्यावर बसून तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी काटछाट गणिताची, आणि तिचे नाते बंगळुरूशी आहे. १९४० साली तिथे जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्राचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा ठिपक्यांच्या यादीऐवजी मंद-जलद लाटांच्या मिश्रणात मांडायचा, अशी त्यांची कल्पना. १९७२ साली त्यांनी त्यासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले आणि अर्ज फेटाळला गेला. पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे की एका परीक्षकाला ती कल्पना फारच सोपी वाटली होती! टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला, मोजून चार पानांत. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, डीसीटी. जेपेग फोटो, डीव्हीडी, डिजिटल टीव्ही, मोबाइलमधले व्हिडिओ या सगळ्यांच्या मुळाशी ते किंवा त्याचे भावंड आहे. आठ बाय आठचा तुकडा घेतला की ६४ ठिपक्यांच्या जागी ६४ लाटांची मापे येतात. सपाट आभाळाचा तुकडा असेल तर त्यातले पहिले माप भरघोस आणि उरलेली जवळजवळ शून्य. शून्याच्या आसपासची मापे सरळ शून्य करून टाकायची. डोळ्याला पत्ता लागत नाही. एका एचडी चित्रात असे ३२,४०० तुकडे बसतात, आणि सेकंदाला २४ चित्रे म्हणजे नुसत्या उजेडाचे पावणेआठ लाखांवर. चार पानांचा निबंध आणि त्याच्या जोरावर रोज जगभर वाहणारे चित्रांचे लोंढे, या हिशेबात मला नेहमी थोडी सूडाची मजा येते.

तिसरी काटछाट वेळेची. मे २००३ मध्ये ठरलेले एच.२६४ हे मानक चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाबद्दल विचारते: हा मघाशी कुठे होता? उत्तर पाव ठिपक्याइतक्या बारकाईने लिहिले जाते. ‘लगान’मधला कचरा नावाचा खेळाडू धावला तर त्याचे चित्र परत लिहायचे नाही, तो किती सरकला तेवढेच लिहायचे. उंचीची एक मौज इथे आहे. १,०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून आत १,०८८ ओळींचे चित्र तयार होते आणि शेवटच्या आठ ओळी कापून टाकल्या जातात. तुमच्या हार्ड डिस्कवरच्या एच.२६४ एचडी सिनेमाच्या तळाशी कुणीही न पाहिलेल्या आठ ओळी निमूट पडून आहेत.

एवढे सगळे झाल्यावर सेकंदाला ११९ कोटी बिटांचा लोंढा ब्लू-रेवर जास्तीत जास्त ४ कोटींवर येतो आणि इंटरनेटवरून येणाऱ्या एचडी सिनेमात अर्ध्या कोटीच्या आसपास. दोनशे चाळीस भागांतले दोनशे एकोणचाळीस फेकून दिलेले.

फेकणे एकदाच होते, स्टुडिओत, सावकाश. फेकलेले परत उभे करायचे काम आपल्या डब्याचे आणि त्याला मुदत असते: प्रत्येक चित्रामागे ४१.७ मिलिसेकंद. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. पडद्यावरचे ठिपके सेकंदाला ४,९७,६६,४००. भागाकार केला तर ठिपक्यामागे ६० ठोके, आणि तेवढ्यात तो ठिपका मागच्या कुठल्या चित्रात होता ते शोधायचे, पाव ठिपक्याचा हिशेब लावायचा, लाटा उलट्या फिरवायच्या, चौकोनांच्या कडा पुसायच्या. शिवाय एच.२६४ मध्ये बिट उलगडण्याची एक रीत अशी आहे की मागचा बिट कळल्याशिवाय पुढचा उलगडतच नाही. चार प्रोसेसर आणलेत तरी त्या रांगेत एकच उभा राहणार. २००५-०६ च्या काळात भले भले पेंटियम याच जागी घामाघूम होत. मग ग्राफिक्स चिपमध्ये फक्त हेच काम करणारे वेगळे मंडल बसवायला लागले आणि प्रश्न मिटला, इतका मिटला की २०१२ साली आलेल्या ३५ डॉलरच्या रास्पबेरी पायने ७०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर फुल एचडी चालवून दाखवले. त्याच्या मुख्य प्रोसेसरच्या वाट्याला ठिपक्यामागे अवघे १४ ठोके येतात. त्याने ठरवले असते तरी हे जमले नसते. शेजारचा व्हिडिओ विभाग सगळे ओढतो. याच पायमध्ये डीव्हीडीच्या जुन्या एमपेग-२ साठीचे मंडलही होते, पण परवान्याच्या खर्चापायी कुलूपबंद. ज्याला हवे त्याने २ पौंड ४० पेन्स भरून किल्ली घ्यायची.

हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानात काउंटरवर पटवणे अवघड. “गेमिंग की एडिटिंग?” समोरच्याचा ठरलेला प्रश्न. सिनेमे बघायला म्हटले की तो क्षणभर आपल्याकडे बघतो आणि सवयीने जड डबा पुढे सरकवतो. “साहेब, पुढे-मागे कमी पडायला नको.” मी सगळ्यांत स्वस्त, पण व्हिडिओचे मंडल नवे असलेला प्रोसेसर मागितला, तेव्हा त्याने बिलावर आकडा घालण्याआधी दोनदा खात्री करून घेतली. सिनेमा चालू असताना तो प्रोसेसर शेकडा पाच-सहाच्या वर काम करत नाही, बाकी वेळ झोपा काढतो. गिगाहर्ट्झचा मोठा आकडा हा इथला सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत निरुपयोगी आकडा.

डिस्क घालायचा ड्राइव्ह मी हौसेने लावला. ब्लू-रेवर खाचांची एकच रेघ आतून बाहेर गोल गोल फिरत जाते आणि शेजारच्या दोन वळणांत अंतर ०.३२ मायक्रोमीटर. ही रेघ उलगडून सरळ अंथरली तर एका थराची सुमारे २७ किलोमीटर भरते. मुंबईच्या सीएसएमटीहून निघालेल्या लोकलने भांडुप गाठावे एवढी. दोन थरांची डिस्क असेल तर कल्याण. लेसर हे अंतर त्याच्या मूळ वेगाने, सेकंदाला ४.९२ मीटर, काटतो. सायकलवाल्याइतका, पण रुळांच्या जागी केसाच्या दोनशेव्या हिश्शाएवढी वाट, आणि तीही तबकडीबरोबर वर-खाली डगमगणारी. सीडीच्या ७८० नॅनोमीटरच्या लेसरने हे साधले नसते, डीव्हीडीच्या ६५० च्याही नाही. त्यासाठी ४०५ चा निळा-जांभळा लेसर यावा लागला.

हार्ड डिस्कबद्दल थोडक्यात. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे तबकडीची कड ताशी ९५ किलोमीटरच्या पुढे धावते आणि वाचणारे टोक तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगते. केसाची जाडी ७० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. हिटाचीने २००७ मध्ये पहिली एक टेराबाइटची डिस्क आणली, ३९९ डॉलरला, तेव्हा एवढी जागा घरात कोण वापरणार असे विचारणारे होते. सिनेमाला सेकंदाला ५ मेगाबाइट लागतात आणि साधीतली साधी आजची डिस्क त्याच्या वीसपट सहज देते. म्हणून ७,२०० फेऱ्यांची घेऊ नये, ती जास्त गुणगुणते. डिस्कवाले कागदावर आणखी एक आकडा देतात: १०० लाख कोटी बिट वाचताना फार तर एक बिट न वाचता येणे त्यांना मान्य. ऐकायला ही हमी जबरदस्त, पण १०० लाख कोटी बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. मोठी डिस्क एकदा पुरती वाचून काढली की आपण त्या हमीच्या काठावर येतो. प्रत्यक्षात डिस्का याहून बऱ्या वागतात. तरी मुलांचे बारशापासूनचे चित्रण एकाच डिस्कवर ठेवणाऱ्याने ही ओळ एकदा वाचावी.

टीव्हीच्या वाहिन्या थेट डब्यात घ्यायच्या तर छतावरची तबकडी आणि आत एक ट्यूनर कार्ड. आपल्याकडे त्याचा उपयोग फुकट वाहिन्यांपुरताच. पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांची किल्ली कंपनीच्या सेट टॉप बॉक्समध्येच असते. पण त्या फुकट वाहिन्यांमागचा आकडा पाहा. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. त्यावरच्या एका ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे प्रक्षेपकाची, ताकद साठ सेंटीमीटरच्या तबकडीपर्यंत येईतो साधारण एका पिकोवॅटच्या घरात उरते, म्हणजे वॅटचा एक लाख कोटीवा भाग. गच्चीवरच्या त्या तबकडीने ५० वर्षे ऊन-पाऊस खात ही ऊर्जा थेंब थेंब साठवली, तर शेवटी जमेल त्यात एक ग्रॅमची वस्तू सोळा सेंटीमीटर उचलता येईल. बस. आणि त्यातूनच सेकंदाला कोट्यवधी बिट वेगळे काढून बातम्या, मालिका, क्रिकेट सगळे चालते.

चित्र तयार झाले की केबल. इथे पुन्हा उलटा प्रकार: एवढ्या कष्टाने पिळलेला माल पूर्ण फुगवून एचडीएमआयमधून पाठवतात. सेकंदाला ६० चित्रे, आणि प्रत्येक चित्र १,९२० बाय १,०८० नव्हे तर २,२०० बाय १,१२५ चे. जादाच्या ४,०१,४०० जागांत चित्र नसते. काचेच्या जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपल्यावर परत फिरायचा, त्याला द्यायची ही सवड. झोत गेला, टीव्ही भिंतीला टेकण्याइतके चपटे झाले, सवड राहिली. आता त्या फटीतून आवाज पाठवतात. सगळे धरून सेकंदाला ४४५ कोटी ५० लाख बिट, तीन जोड्यांत वाटलेले. एका बिटाच्या वाट्याला ६७३ पिकोसेकंद येतात. तांब्यातून जाणारा संदेश तेवढ्या वेळात जेमतेम १४ सेंटीमीटर सरकतो, म्हणून तीन मीटरच्या केबलमध्ये कुठल्याही क्षणी प्रत्येक जोडीत वीसेक बिट वाटेत असतात. ‘लगान’ संपेपर्यंत केबलमधून ६० लाख कोटी बिट गेलेले असतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या पाच हजारांच्या केबलमधून ते जास्त रंगीत जात नाहीत, एवढे सांगून ठेवतो.

केबलवर चोरीविरुद्ध कुलूपही असते, एचडीसीपी. त्याची जगभरची गुरुकिल्ली म्हणजे ४० बाय ४० चा आकड्यांचा तक्ता, सगळा मिळून ११,२०० बाइटचा. सप्टेंबर २०१० मध्ये तो तक्ता इंटरनेटवर उघडा पडला आणि इंटेलने तो खरा असल्याचे मान्य केले. मोजक्या पानांत लिहून होईल एवढ्या मजकुरावर हॉलिवूडचा भरवसा टांगलेला होता.

दिवाणखान्यात ठेवायच्या यंत्राला आवाज चालत नाही, आणि इथे कान आडवा येतो. तरुण, निकोप कानाला ऐकू येणारा अगदी बारीक आवाज म्हणजे हवेच्या दाबात २० मायक्रोपास्कलचा फरक. हवेचा आपला दाब १,०१,३२५ पास्कल. पाचशे कोटींत एक एवढा फरक आपला कान टिपतो. त्या आवाजात हवेचे कण हलतात ते हायड्रोजनच्या अणूच्या दहाव्या हिश्शाहून कमी. असला कान सोफ्यावर बसलेला असताना सिनेमातल्या शांत प्रसंगात पंख्याने घरघर करायची म्हणजे काय? म्हणून मोठा, १२० मिलिमीटरचा पंखा घ्यावा आणि हळू फिरवावा. माझा मिनिटाला ८०० फेरे घेतो. हात मागे नेला तर वारा लागतो, आवाज येत नाही. येतो तो हार्ड डिस्कचा, खाली रबराचे चार तुकडे ठेवूनही, रात्री अकरानंतर.

विजेचा हिशेब सोपा. ६० वॅट खाणारा डबा वर्षभर चालू ठेवला तर ५२५.६ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला पाच हजार दोनशे छप्पन. ‘झोपवत’ जा.

आता तो छोटा आकडा.

हे सगळे जुळवून पहिल्यांदा सिनेमा लावला की चित्र डोळे दिपवते. मग कॅमेरा डोंगररांगेवरून संथ वळतो आणि मध्येच एक बारीक हिसका बसतो. डोळा चोळावा इतका बारीक. पुन्हा सगळे सुरळीत. चाळीसेक सेकंदांनी पुन्हा हिसका. प्रोसेसर झोपलेला, डिस्क निवांत, केबल ठीक. मग का?

कारण सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो असे आपण धरून चालतो, आणि डिस्कवर किंवा फाइलमध्ये तो बहुधा २३.९७६ चा असतो. टीव्ही बरोबर २४ वर चालला तर सेकंदाला ०.०२४ चित्र कमी पडते. ती तूट साचत साचत ४१.७ सेकंदांत एका अख्ख्या चित्राएवढी होते, मग डबा एक चित्र दोनदा दाखवून वेळ मारून नेतो. ‘लगान’भर असे ३२२ हिसके. टीव्ही ६० वर ठेवला तर आणखी वाईट: एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा, म्हणजे एक ५० मिलिसेकंद टिकते आणि पुढचे ३३. कॅमेरा वळला की सगळे दृश्य लंगडते.

हा २३.९७६ आला कुठून? अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचे मानक ठरत होते. लाखो घरांत काळे-पांढरे टीव्ही आधीच होते आणि रंगीत प्रक्षेपण त्यांवरही नीट दिसायला हवे होते. आवाजाची लहर ४५ लाख हर्ट्झवर, तिला हात लावला तर घरोघरचे जुने टीव्ही बिघडणार. रंगाची नवी लहर तिच्याशी झगडून पडद्यावर नक्षी उमटवत होती. मग इंजिनिअरांनी आवाजाला धक्का न लावता चित्रालाच किंचित हळू केले: ४५ लाखांना २८६ ने भागून ओळींचा नवा वेग काढला, सेकंदाला १५,७५० ऐवजी १५,७३४ आणि काही. त्यामुळे सेकंदाला ३० चित्रे होती ती २९.९७ झाली. हजारात एक एवढी ढिलाई. पुढे टीव्हीवर दाखवायचे सिनेमेही त्याच प्रमाणात मंदावले, २४ चे २३.९७६ झाले, आणि ते जुने टीव्ही केव्हाच भंगारात गेल्यावरही हा आकडा ब्लू-रेवर आणि फाइलींत जसाच्या तसा उतरला.

आपला त्याच्याशी संबंधही नव्हता. भारतात पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रे. त्यावर २४ चा सिनेमा दाखवायचा तर आपल्याकडे जास्त धसमुसळी युक्ती होती: सिनेमा सरळ २५ ने पळवायचा. २२४ मिनिटांचा सिनेमा असा २१५ मिनिटांत उरकतो, नऊ मिनिटे कुठलाही प्रसंग न कापता गायब, आणि गाणी सुराच्या पाऊण पायरीने वर चढतात. त्यात हिसका नव्हता, एवढे मात्र खरे.

बरे, टीव्ही २३.९७६ वर नेला की संपले का? २०१०-११ च्या इंटेल प्रोसेसरमधले ग्राफिक्स २३.९७६ मागितले तरी २४ च्या घड्याळाला धरून बसायचे, आणि मीडिया सेंटर बांधणाऱ्यांत त्या चिपा त्यापायी बदनाम झाल्या. ती खोड नंतर गेली. दुसरी अजून आहे: डब्यात चित्राचे घड्याळ वेगळे आणि आवाजाचे वेगळे. दोन्ही क्वार्ट्झच्या स्फटिकांवर चालतात आणि दोघांत दहा लाखांत ५० एवढा फरक सहज असतो. लांब सिनेमा संपेपर्यंत तो पाऊण सेकंदाच्या जवळ जातो, चित्रांच्या हिशेबात सोळा. ओठ आणि शब्द फारकत घेतील म्हणून प्लेअर गुपचूप एखादे चित्र गाळतो किंवा आवाजाला सुईच्या टोकाएवढे ताणतो. आवाज ताणलेला बरा, तो कुणाला कळत नाही. तीसुद्धा सेटिंग असते.

कोडीत ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ नावाची ओळ प्लेअरच्या सेटिंगमध्ये आत दडलेली आहे आणि मुळात ती बंद असते. चालू केली की प्रत्येक सिनेमाला डबा टीव्हीचा वेग बदलून घेतो: अमेरिकन २३.९७६, आपल्या वाहिन्यांचे जुने चित्रण २५ चे, मोबाइलवरचे बारसे ३० चे. बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, आणि आतल्या खोलीतून हमखास कुणीतरी ओरडते, “लाइट गेली का रे?”